महाप्रसादानं नाव घेतलं

नवतपा लागून दोन दिवस झाले होते. नवतपा म्हणजे जेठातले ते नऊ दिवस, ज्यांत रायपूरचा शहाणा माणूस सकाळी दहानंतर उंबरठ्याबाहेर पाय टाकत नाही. पण त्या शनिवारी सकाळी आठलाच अनंतराव पांढरीपांडे भाठागावच्या बसस्थानकावर स्कूटर लावून उभे होते. डोक्याला ओला गमछा, हातात किल्ली, आणि तोंडानं चक्क गुणगुणणं चाललेलं. अनंतराव सरकारी कचेरीतून हेडक्लार्क म्हणून सुटलेले, वय अडुसष्ट. बायको त्यांना 'तापला तवा' म्हणते. असा माणूस भर उन्हाळ्यात गुणगुणत असेल तर समजावं, की त्याच्या काळजातलं कोणीतरी येऊन राहिलं आहे.

कुरूदकडची बस आली आणि बिसाहूराम साहू उतरले. गणिताचे निवृत्त मास्तर, अंगानं काटकुळे, पांढरा शर्ट, खांद्याला झोळी. दरवेळी हा माणूस शहरात यायचा तो डोक्यावर पोतं घेऊन. त्यात कोहळा, वड्या, मोहरीचं तेल, कधी नदीकाठची काकडी. या वेळी पोतं नव्हतं. अनंतराव हात जोडून "सीताराम, महाप्रसाद!" म्हणणार, तेवढ्यात बिसाहूच बोलले.

"अनंतराव, कसे आहे तुम्ही?"

अनंतरावांच्या हातातली किल्ली खाली पडली.

आता पुण्या-मुंबईचा कोणी वाचणारा म्हणेल, यात काय बिघडलं? नाव आहे अनंतराव, म्हणाला अनंतराव. अहो, सगळंच बिघडलं! छत्तीसगडात मितान बदतात. मितान म्हणजे मित्र नव्हे. मित्र काय, पानठेल्यावरही होतात. मितान म्हणजे देवासमोर बांधून घेतलेला भाऊ. जगन्नाथपुरीहून आलेल्या महाप्रसादाचे वाळवलेल्या भाताचे चार दाणे एकमेकांच्या तोंडात घालायचे, नारळ-सुपारीची अदलाबदल करायची, की झाले दोघं 'महाप्रसाद'. त्या दिवसापासून एकमेकांचं नाव घ्यायचं नाही. मेलं तरी नाही. हाक मारायची ती 'महाप्रसाद' म्हणून, भेटल्यावर 'सीताराम' म्हणायचं. त्याचे आईबाप ते आपले आईबाप, त्याची पोरं ती आपली पोरं. जात आडवी येत नाही. नाव घेणं म्हणजे भर बाजारात थोबाडीत मारण्यासारखं, आणि ते बिसाहूंनी आत्ताच केलं होतं.

"काय म्हणालात?" अनंतरावांनी विचारलं.

"म्हटलं, अनंतराव, कसे आहे तुम्ही?" बिसाहूंनी वाकून किल्ली उचलून दिली. त्यांनी वर काही पाहिलं नाही.

वाटेत स्कूटरवर दोघं एक शब्द बोलले नाहीत. एरवी मागच्या सीटवरून बिसाहूंची अखंड टकळी चालायची. अनंतराव सिग्नलवर हिरवा लागला तरी उभेच. मागच्या ट्रकवाल्यानं आईमाईचा उद्धार केला तेव्हा निघाले.

सेहेचाळीस वर्षांमागची गोष्ट. बिसाहू गावाहून इथल्या विश्वविद्यालयात गणित शिकायला आले आणि ब्राह्मणपाऱ्यात, म्हणजे ब्राह्मण मोहल्ल्यात, पांढरीपांड्यांच्या मागची खोली भाड्यानं घेतली. अनंतरावही त्याच विश्वविद्यालयात इतिहास घेऊन बसलेले. सहा महिने झाले तरी या पोराला खोली, वर्ग आणि विहीर यापलीकडे रायपूर माहीत नव्हतं. तेव्हा उन्हाळ्यातल्या एका शनिवारी अनंतराव म्हणाले, "अबे बिसाहू, बस सायकलवर, तुले शहर दाखवतो." दोन दिवस दाखवलं. बूढ़ा तालाब, दूधाधारी मठ, गोल बाजार, स्टेशनावरचा पूल. रविवारी संध्याकाळी पुरानी बस्तीतल्या जगन्नाथाच्या मंदिरात पाय धुवून बसले. म्हाताऱ्या पुजाऱ्याकडे पुरीचा महाप्रसाद होता. एकवीस-बावीस वर्षांची पोरं ती, काय मनात आलं देव जाणे, तिथंच मितान बदले. पुजारी म्हणाला, "अब नाम मत लेना." झालं. त्या क्षणापासून 'अबे' गेलं, 'तू' गेलं, दोघं एकमेकांना 'तुम्ही' म्हणू लागले. अनंतरावांच्या आईनं बिसाहूंना इतकं वाढलं, की पोरगा वरणफळासकट मराठी शिकला आणि आजही बोलतो, फक्त हेल छत्तीसगडी.

ती आई गेली तेव्हा बिसाहूंनी डोकं भादरलं आणि दहा दिवस सुतक पाळलं. पुढं बिसाहूंचे वडील गेले, तेव्हा अनंतरावांनी केस उतरवले. कचेरीत साहेबांनी विचारलं, "कोण वारलं?" "वडील." "अहो, ते तर मागंच वारले ना?" "हे दुसरे," असं म्हणून अनंतराव फायलीत डोकं घालून बसले. असं हे नातं. आणि आठ दिवसांपूर्वी फोन आला होता, की मला परत एकदा शहर दाखवा, पहिल्यांदा दाखवलं होतं तसंच, शनिवार-रविवार. त्या फोनवर एकदाही 'महाप्रसाद' म्हटलं नव्हतं, हे अनंतरावांना आत्ता सिग्नलवर आठवलं.

घरी कौमुदीनं, म्हणजे अनंतरावांच्या बायकोनं, पोहे टाकले होते. "या भाऊजी, सीताराम," ती म्हणाली. बिसाहू म्हणाले, "वहिनी, अनंतरावांनी उन्हात लय वेळ उभं राहून वाट पाहिली हो." कौमुदीच्या हातातला झारा कढईवर थांबला. तिनं एकदा नवऱ्याकडं पाहिलं, एकदा बिसाहूंकडं, आणि पुन्हा पोहे हलवायला लागली. ही बाई ओरडली कशी नाही, याचं अनंतरावांना नवल वाटलं. साध्या झुरळाला ओरडते.

निरंजन आतल्या खोलीतून आला आणि बिसाहूंच्या पाया पडला. अनंतरावांचा तिशीचा मुलगा, नवा रायपुरात मोठ्या कचेरीत नोकरीला. पंधरा दिवसांनी गुवाहाटीला जाणार होता.

"प्रमोशन झालं पोट्ट्याचं," अनंतराव छाती काढून म्हणाले.

"जी काकाजी," निरंजन हिंदीत म्हणाला. रायपूरची मराठी पोरं सगळी अशीच, ऐकतात मराठीत, बोलतात हिंदीत. "सामान बाँध रहा हूँ." आणि मान खाली घालून परत आत गेला.

उन्हं कलल्यावर दोघं विश्वविद्यालयात गेले. चौकीदारानं हटकलं, तर अनंतराव त्याच्यावरच खेकसले, "तुझा जन्म नव्हता झाला तेव्हापासून इथं येऊन राहिलो!" गणिताचा विभाग बिसाहूंनी बाहेरूनच पाहिला. मग म्हणाले, "वनस्पतीशास्त्राचा विभाग कुठी आहे, अनंतराव?"

पुन्हा नाव. अनंतरावांनी मनात आकडा धरला होता. हे चौथं.

"तुम्हाले तिकडं काय करायचं?"

"लोकेश्वरी तिथं शिकली ना."

लोकेश्वरी म्हणजे बिसाहूंची धाकटी. पाच वर्षांमागं इथं शिकायला आली, आता संशोधन करून राहिली. अनंतराव खुशीनं सांगू लागले, "पोट्टी आली तेव्हा मीच निरंजनले म्हटलं होतं, की महाप्रसादची पोरगी आहे, तुझी बहीणच. स्कूटरवर बसव अन् सगळं शहर दाखव तिले. दर शनिवार-रविवार नेत होता बिचारा. कधी नाही म्हटलं नाई." बिसाहू तोवर पुढं चालू लागले होते. विभागासमोर बहाव्याचं झाड पिवळं होऊन उभं होतं, खाली दगडी बाक होता. त्यावर ते जाऊन बसले आणि बराच वेळ उठलेच नाहीत.

संध्याकाळी बूढ़ा तालाबच्या काठावर बसल्यावर अनंतरावांचा धीर सुटला. चूक काय झाली ते एकदा कळू तरी द्या! त्यांनी स्वतःच आपले सगळे अपराध बाहेर काढले. "तुमच्या मोठ्याच्या लग्नाले मी हळदीच्या दिवशी नाई पोचलो, त्याचा राग आहे का?"

"नाई, अनंतराव."

"तुमच्या घरची पाणीभाताची बासी खाताना मी तोंड वाकडं केलं होतं. तुमच्या आईनं पाहिलं होतं."

"तिनं हसून सोडून देल्लं होतं, अनंतराव."

"तुमच्या मोतीबिंदूच्या वेळेस तुम्ही चार दिवस राहिले, तेव्हा मी घरात चिडचिड केली. ते तुमच्या कानावर आलं असंल."

"तुम्ही तर रोजच चिडता. त्यात काय?"

"मग काहून मले नावानं बोलवून राहिले तुम्ही?" अनंतराव इतक्या जोरात ओरडले, की शेजारी फुगे विकणाऱ्या बाईनं वळून पाहिलं. "असा काय गुन्हा केला मी?"

बिसाहू पाण्याकडं पाहत राहिले. "उद्या सांगतो," ते म्हणाले. "मंदिरात."

तुम्हीच सांगा, अशानं कोणाला झोप लागेल? अनंतरावांना वाटलं, याला काही दुर्धर आजार झाला असेल, आणि मागं आपल्याला सुतक नको म्हणून सोडवून घेऊन राहिला. मग वाटलं, तीर्थाला जाऊन संन्यास घेणार असेल. मन चिंती ते वैरी न चिंती म्हणतात, ते खोटं नाही. कौमुदी कूस बदलून म्हणाली, "झोपा हो. उद्या कळंलच." तिच्या आवाजात काळजी होती, पण आश्चर्य नव्हतं, आणि हे अनंतरावांच्या लक्षात आलं नाही.

रविवारी सकाळी लवकर बिसाहू म्हणाले, नवा रायपूर पाहू. अनंतराव कुरकुरले, की पहिल्या वेळी हे नव्हतंच. तरी नेलं. सहा-सहा गाड्या शेजारून जातील असे रस्ते आणि रस्त्यावर माणूस नाही. तलावाकाठी एका चहाच्या गाड्यावर दोघं थांबले. बिसाहूंनी सगळीकडं पाहून घेतलं. "पोट्ट्यांनी आपल्यापेक्षा मोठं शहर पाहिलं," ते म्हणाले. कोणते पोट्टे, हे अनंतरावांनी विचारलं नाही, कारण त्यांचं सगळं लक्ष मंदिराकडं लागलं होतं.

अकराच्या सुमाराला ते पुरानी बस्तीत पोचले. मंदिराच्या आतली फरशी गार होती. दोन-चार बाया जप करत बसल्या होत्या. बिसाहू खांबाला टेकून बसले आणि त्यांनी झोळीतून नारळ काढून दोघांच्या मधे ठेवला. नुसता नारळ. झोळीत दुसरं काही नव्हतंच.

"लोकेश्वरी अन् निरंजन एकमेकांले पसंत करतात," ते म्हणाले. "तीन वर्षं झाली."

"कोणता निरंजन?"

"तुमचा."

"आमचा?" अनंतरावांचा 'आ' तसाच राहिला. "अरे बाप्पा! ते बहीणभाऊ आहेत!"

"कशानं बहीणभाऊ आहेत?"

"आपण..." आणि अनंतराव थांबले. आपण मितान आहोत, म्हणून. त्यांच्या डोळ्यांपुढं ती स्कूटर आली. किल्ली आपणच दिलेली. पेट्रोलही आपणच भरून द्यायचो. रायपूरमधल्या कोणत्या बापानं तरण्याताठ्या पोराच्या मागं परकी पोरगी पाच वर्षं बसवली असती? ही महाप्रसादची पोरगी, म्हणून शंकासुद्धा शिवली नाही. आपल्याच हातानं आपल्या पायावर धोंडा पाडून घेतला होता, आणि तोही दर शनिवारी-रविवारी.

"ती त्याले भैया म्हणत होती," अनंतराव हळू आवाजात म्हणाले.

"भैया तर ती ऑटोवाल्यालेही म्हणते. अन् दोन वर्षांपासून ती निरंजनले काहीच म्हणत नाई. तुम्ही ऐकलं का कधी?"

अनंतरावांनी आठवून पाहिलं. ऐकलं नव्हतं.

मग बिसाहूंनी सगळं सांगितलं. पोरांनी कोणाकडं तोंड उघडलंच नव्हतं. चैतात लोकेश्वरी गावी आली आणि अन्न टाकून बसली. तिच्या आईनं खोदून विचारलं तेव्हा बाहेर आलं. दोघांनी आपल्या मनानं ठरवूनही टाकलं होतं, की लग्न करायचं नाही. बाबूजी आणि काकाजींचं महाप्रसाद तोडून संसार मांडायचा नाही. "गुवाहाटी प्रमोशन नोहे," बिसाहू म्हणाले. "निरंजननं स्वतः मागून घेतली. इथून दूर जाता यावं म्हणून."

अनंतरावांनी दोन्ही हात फरशीवर टेकवले.

"मी समाजाच्या सियान लोकांकडं गेलो," बिसाहू पुढं म्हणाले. सियान म्हणजे गावातले जाणते म्हातारे. "म्हटलं, पोरगी मराठी बामणाच्या घरी देऊ का? ते म्हणाले, जातीचं पाहून घेऊ, समाजाले जेवू घाला. पण मितानचं घर म्हणजे सख्ख्या काकाचं घर. तिथं पोरगी जात नाई. मी विचारलं, मितान सुटते कशी? कोणालेच माहीत नाई. आजवर कोणी सोडलीच नाई ना! शेवटी एक म्हातारा म्हणाला, ज्या दिवशी दोघं चार लोकांपुढं एकमेकांले नावानं हाक मारतील, त्या दिवशी कोण म्हणंल की हे मितान आहेत?" त्यांनी नारळावर हात ठेवला. "मी माझ्याकडून काल सुरू केलं. कुरूदपासून मनात घोकून राहिलो होतो, तरी उतरताना जीभ अडली. आता तुमची पाळी आहे. एकदा माझं नाव घ्या, अन् हा नारळ वापस घ्या."

अनंतराव ताडकन उठले. "नाई घेत!" जप करणाऱ्या बाया दचकल्या. "माझ्या मायसाठी डोकं भादरलं तुम्ही. अन् आज म्हणता, नाव घ्या? पोट्टे काय, जातील, रडतील, विसरतील. त्यांच्यासमोर सारं आयुष्य पडलं आहे. मी कुठी जाऊ? मले कोण महाप्रसाद म्हणंल? मी मरीन तेव्हा तुम्ही कोण म्हणून येसान? ओळखीचे?"

"मले का हे सोपं वाटते?" बिसाहूंचा आवाज चिरकला. "काल पहाटेपासून मी पोटात अन्न नाई घातलं. तुमच्या घरचे पोहे गमछ्यात बांधून गाईले टाकले."

पण अनंतराव ऐकायला थांबलेच नाहीत. स्कूटर तिथंच, बिसाहू तिथंच, नारळ तिथंच, आणि हा तापला तवा भर दुपारी पायी ब्राह्मणपाऱ्याकडं निघाला. डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि उन्हात ते गालावरच वाळत होतं.

दारात कौमुदी उभी होती. "बोलले का ते?"

अनंतराव तिच्याकडं पाहतच राहिले. "तुले माहीत होतं?"

"आठ महिन्यांपासून. पोराची माय आहे मी."

"मले काहून नाई सांगितलं?"

"सांगून काय करणार होते तुम्ही? आत्ता करून राहिले तेच ना?" तिनं पाण्याचा तांब्या पुढं केला. "मी तर म्हटलं, तुम्ही जातीपातीवरून घर डोक्यावर घ्याल. नागपूरच्या नातेवाइकांले तोंड कसं दाखवू म्हणाल."

तेव्हा कुठं अनंतरावांच्या ध्यानात आलं, की जातीचा विचार आपल्या डोक्यात आलाच नाही. आपल्याला एकच दुःख झालंय, आणि ते स्वतःचं आहे. त्याची त्यांना जराशी लाज वाटली. ते निरंजनच्या खोलीत गेले. पोरगा बॅगेपुढं बसून तीच एक चादर पुन्हा पुन्हा घडी घालत होता.

"गुवाहाटी कोणी मागितली?"

"मीच मागितली, बाबा," निरंजन म्हणाला. मराठीत म्हणाला. कॉलेजात गेल्यापासून हा पोरगा बापाशी मराठीत बोलला नव्हता.

"मले विचारलं काहून नाई?"

निरंजननं चादर खाली ठेवली. "तुम्ही नाही म्हटलं असतं तर वाईट वाटलं असतं. अन् हो म्हटलं असतं, तर तुमच्याकडं पाहवलं नसतं."

अनंतराव दारातच उभे राहिले. वळून बाहेर आले आणि ओट्यावर बसले. पोरं आपल्यासाठी स्वतःचा जीव जाळून घ्यायला निघाली, आणि आपण मंदिरात पाय आपटून आलो. हा विचार काही केल्या जाईना.

तासाभरानं बिसाहू रिक्षानं आले. कौमुदीनं पाटवड्यांचा रस्सा केला होता. तिनं समोर बसून बिसाहूंना दोन घास खायला लावले. बिसाहूंनी आता नावही घेतलं नाही आणि महाप्रसादही म्हटलं नाही. मीठ हवं होतं तेव्हा नुसतं बोट दाखवलं. निघताना त्यांनी निरंजनच्या डोक्यावर हात ठेवला. सहाच्या बसला पोचवायला अनंतराव मंदिरापाशी जाऊन स्कूटर घेऊन आले.

बसस्थानकावर लग्नसराईची गर्दी होती. बिसाहू चढले, खिडकीपाशी बसले आणि झोळी मांडीवर घेतली. झोळीत तो नारळ गोल दिसत होता. सवयीनं त्यांनी हात जोडले, "सीता..." म्हणाले आणि थांबले. कंडक्टर "अभनपूर, कुरूद, धमतरी" ओरडत होता. ड्रायव्हरनं गाडी सुरू केली.

"बिसाहू," अनंतराव म्हणाले. ते त्यांचं त्यांनाच ऐकू आलं नाही. सेहेचाळीस वर्षं तो शब्द तोंडातून बाहेर निघाला नव्हता. पुन्हा म्हणाले, "बिसाहू." शेजारच्या बाईनं वळून पाहिलं, पण खिडकीतल्या माणसानं पाहिलं नाही. तेव्हा अनंतरावांनी डोळे मिटले आणि छातीतलं होतं नव्हतं ते सगळं लावून ओरडले.

"अबे बिसाहू!"

चार काय, चाळीस माणसांनी वळून पाहिलं. कंडक्टर ओरडायचा थांबला. खिडकीतल्या माणसाचा चेहरा असा झाला, जणू कोणाच्या मातीची खबर आली. दोन दिवस हेच मागायला आला होता हा माणूस. पण अनंतरावांनी मंदिरात नाही म्हटलं तेव्हा त्याला आत कुठं तरी बरं वाटलं होतं, आणि आता ते गेलं. बिसाहूंचे ओठ हलले. "म्हटलं तुम्ही?" त्यांनी विचारलं.

"म्हटलं," अनंतराव म्हणाले. "दे तो नारळ इकडं. अन् सांभाळून जाजो."

बिसाहूंनी खिडकीच्या गजांतून नारळ द्यायचा प्रयत्न केला. तो बसेना. शेवटी कंडक्टरनं दारातून दिला आणि गाडी सुटली. बिसाहू वळून पाहत होते तोवर अनंतराव उभे राहिले.

घरी यायला त्यांना दिवेलागण झाली. भाठागावाहून वीस मिनिटांचा रस्ता, पण मधे पाऱ्याच्या कोपऱ्यावर ते अर्धा तास थांबले होते. कौमुदीनं दार उघडलं. डोक्याला गमछा घट्ट गुंडाळलेला, हातात नारळ. ते आत येऊन खुर्चीत बसले, नारळ देवापाशी ठेवायला तिच्या हातात दिला आणि गमछा सोडला.

"अगो माय!" कौमुदी किंचाळली. डोकं तुळतुळीत भादरलेलं. निरंजन धावत बाहेर आला. "कोण गेलं? अहो, बोला ना, कोण गेलं? बसचं काही झालं का?"

"बस ठीक आहे. बिसाहूले बसवून आलो, चांगला धडधाकट आहे तो." अनंतरावांनी डोक्यावरून हात फिरवला. "माझे महाप्रसाद गेले. दहा दिवस सुतक पाळीन मी. या दहा दिवसांत माझ्यासमोर लग्नाचा शब्द काढायचा नाई कोणी. अकराव्या दिवशी आपण कुरूदची बस पकडू अन् पोट्टीले मागणी घालाले जाऊ." मग दारात थिजून उभ्या असलेल्या निरंजनकडं पाहून ते खेकसले, "असा काय पाहून राहिला बे? जा, बॅग रिकामी कर!"

निरंजन हलला नाही. तो बापाच्या डोक्याकडं पाहत होता. न्हाव्याचा वस्तरा कानामागं थोडा लागला होता आणि रक्ताची बारीक रेघ मानेवर आली होती. कौमुदीनं पदरानं ती पुसली, स्वयंपाकघरात गेली आणि चिमूटभर हळद घेऊन आली.